प्रीमियर बॅडमिंटन लीग

प्रीमियर बॅडमिंटन लीग ही भारतातील व्यावसायिक बॅडमिंटनपटूंची आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धा होय. भारतीय बॅडमिंटन संघटनेच्या अधिपत्याखाली ती २०१३ साली 'इंडियन बॅडमिंटन लीग' या नावाने सुरू झाली आणि २०१६ पासून सध्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. शहरांच्या नावाने उभारलेल्या संघांत लिलावाद्वारे देशी-परदेशी खेळाडू घेतले जात. २०२० पर्यंत स्पर्धेचे सहा हंगाम झाले. त्यानंतर तिच्यात दीर्घ खंड पडला.

पार्श्वभूमी

बॅडमिंटनच्या आरंभीच्या नियमांशी पुण्याचे नाव निगडित आहे. १८७०च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत असत. त्यामुळे तो काही काळ 'पूना' या नावानेही ओळखला जात असे. पुण्यामुंबईत जिमखान्यांची परंपरा जुनी असली, तरी भारतातील प्रमुख सांघिक स्पर्धा राज्यांच्या संघांमध्ये होत आल्या. युरोपात मात्र क्लब हाच खेळाचा पाया राहिला. तेथे १९७८ पासून विविध देशांतील विजेत्या क्लबांची युरोप चषक स्पर्धा भरविली जाऊ लागली. डेन्मार्क, जर्मनी आदी देशांतील क्लबांत लहान मुलांपासून व्यावसायिक खेळाडूंपर्यंत सर्वांचा समावेश असतो.

इतिहास

पहिला हंगाम ऑगस्ट २०१३ मध्ये झाला. त्यात सहा संघ होते. मलेशियाचा ली चोंग वेई मुंबई मास्टर्सकडून खेळला. सायना नेहवाल हैदराबाद हॉटशॉट्सकडे, तर पी. व्ही. सिंधू अवध वॉरियर्सकडे होती. मुंबई मास्टर्स आणि पुणे पिस्टन्स हे महाराष्ट्राचे दोन्ही संघ उपांत्य फेरीत पराभूत झाले. मुंबईत झालेल्या अंतिम लढतीत हैदराबादने अवधला हरविले. पुढे संघटना आणि तिचा व्यापारी भागीदार यांच्यातील वादामुळे स्पर्धा थांबली व जानेवारी २०१६ मध्ये नव्या नावाने पुन्हा सुरू झाली.

२०१६ मध्ये दिल्ली एसर्स, २०१७ मध्ये चेन्नई स्मॅशर्स आणि २०१७-१८ मध्ये हैदराबाद हंटर्स हे संघ विजेते ठरले. २०१८-१९ आणि २०२० या दोन्ही हंगामांत बंगळूर रॅप्टर्सने विजेतेपद मिळविले. संघांची संख्या सहावरून २०१८-१९ मध्ये नऊपर्यंत वाढली, ती २०२० मध्ये सातवर आली. २०२१ चा हंगाम कोविडच्या साथीमुळे होऊ शकला नाही. २०२४ अखेरपर्यंत स्पर्धा पुन्हा भरली नव्हती.

स्वरूप

प्रत्येक लढतीत पुरुष एकेरीचे दोन सामने आणि महिला एकेरी, पुरुष दुहेरी व मिश्र दुहेरीचा प्रत्येकी एक, असे पाच सामने होत. २०१६ पासून प्रत्येक संघाला एक सामना 'ट्रम्प' म्हणून निवडावा लागे. तो जिंकल्यास दोन गुण मिळत, हरल्यास एक गुण वजा होई. त्यामुळे केवळ तीन सामने जिंकूनही, त्यांत स्वतःचा ट्रम्प असल्यास, संघाचे चार गुण होत.

महिला दुहेरीला स्पर्धेत स्थान नव्हते. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी २०११ च्या जागतिक स्पर्धेत याच प्रकारात कांस्यपदक मिळविले होते. तरीही २०१३ च्या लिलावापूर्वी हा प्रकार वगळण्यात आला व दोघींची पायाभूत किंमत निम्म्यावर आणण्यात आली. या निर्णयावर दोघींनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

महाराष्ट्रातील संघ

महाराष्ट्रातील एकाही संघाला विजेतेपद मिळाले नाही. मुंबई रॉकेट्स २०१६, २०१७ आणि २०१८-१९ अशा तीन हंगामांत अंतिम फेरीत पोहोचला आणि तिन्ही वेळा ४-३ असा पराभूत झाला. २०१८ मध्ये पुणे सेव्हन एसेस हा नवा संघ आला. स्पेनची कॅरोलिना मारिन त्याच वर्षीच्या लिलावात ८० लाख रुपयांना या संघात दाखल झाली. डेन्मार्कचा दुहेरीतील खेळाडू माथियास बो आणि मुंबईचा चिराग शेट्टी हेही या संघात होते. बो पुढे २०२१ मध्ये सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी व चिराग या जोडीचा प्रशिक्षक झाला. मे २०२२ मध्ये भारताने इंडोनेशियाला ३-० असे नमवून थॉमस चषक प्रथमच जिंकला, तेव्हा दुहेरीचा सामना याच जोडीने जिंकला.

मूल्यमापन

या स्पर्धेमुळे भारतीय खेळाडूंना जगातील अग्रगण्य खेळाडूंसोबत एकाच संघात राहण्याची आणि चांगले मानधन मिळविण्याची संधी लाभली. तथापि संघांना स्थैर्य लाभले नाही. दिल्लीचा संघ स्मॅशर्स, एसर्स व डॅशर्स अशा तीन नावांनी उतरला. २०१३ चा बांगा बीट्स बंद पडून बंगळूरचा संघ पुढे टॉपगन्स, ब्लास्टर्स व रॅप्टर्स झाला. प्रत्येक हंगाम दोन-तीन आठवड्यांचा असे आणि लिलावामुळे खेळाडूही बदलत. या संघांची बांधणी हंगामापुरती होती. युरोपीय क्लबांप्रमाणे स्थानिक सभासद, बालगट आणि वर्षभराचा सराव यांचा आधार त्यांना नव्हता. सामने मोठ्या शहरांतील बंदिस्त क्रीडागृहांतच होत असल्याने सोलापूर जिल्ह्यातील नातेपुते यांसारख्या गावांतील प्रेक्षकांशी या संघांचा संबंध दूरचित्रवाणीपुरताच राहिला. स्पर्धा थांबल्यावर संघांचे कार्यही थांबले, ते मुख्यतः यामुळेच. थॉमस चषकाचे यश लीग बंद असतानाच मिळाले. त्यामागे हैदराबादसारख्या ठिकाणच्या बारमाही प्रशिक्षण केंद्रांचे मोठे योगदान आहे. लीग पुन्हा सुरू झाली, तरी तिचे संघ अशा केंद्रांशी, जिल्हा संघटनांशी व जिमखान्यांशी जोडले जातात की नाही, यावर तिचे स्थैर्य बऱ्याच अंशी अवलंबून राहील.