घरचा हिशेब : मदरबोर्ड बदलण्यापूर्वी

वस्तू जुनी झाली म्हणजे ती टाकाऊ झाली, असे नव्हे. आणि ती अजून चालते म्हणून तिच्यावर खर्च करणे ही उधळपट्टीच, असेही नव्हे. या दोन टोकांच्या मध्ये जो विचार करावयाचा असतो, तो पुष्कळ घरांत होतच नाही. बडोद्याच्या एका वाचकभगिनींचे पत्र याच स्वरूपाचे आहे. त्यांच्या चिरंजीवांनी २०१८ साली खेळांसाठी जुळवून घेतलेला संगणक नव्या खेळांत अडखळू लागला आहे. दुकानदार म्हणतो, प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम सारेच बदला. वडील म्हणतात, एक पैसाही मिळणार नाही. बापलेकांचे बोलणे आठ दिवस बंद आहे, आणि निवाडा आमच्याकडे आला आहे.

संगणकावरील खेळ चांगले की वाईट, हा प्रश्न आम्ही बाजूस ठेवतो. घराने एकदा जो छंद मान्य केला, त्यावरचा वाद दर खर्चाच्या वेळी उकरून काढणे न्यायाचे नाही. प्रश्न एवढाच, की दुखणे जेथे आहे तेथेच औषध लागत आहे काय?

खेळ चालू असताना प्रोसेसर हालचालींचे आणि नियमांचे गणित सांभाळतो, आणि त्यानुसार ग्राफिक्स कार्ड चित्र रंगविते. दोघांपैकी जो मंद, तो दुसऱ्यास थोपवून धरतो. हा मंद कोण, हे घरबसल्या कळते. खेळातील रेझोल्यूशन व चित्राची प्रत उतरवून तोच भाग पुन्हा खेळावा. दर सेकंदाच्या फ्रेम भराभर वाढल्या, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची. त्या जेथल्या तेथेच राहिल्या, तर बहुधा प्रोसेसरची. प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्केच दिसतो म्हणून फसू नये. त्याच्या अनेक कोअरपैकी एखादाच पुरता दमलेला असतो, आणि सारा खेळ त्याच्यासाठी खोळंबतो.

या परीक्षेपूर्वी अल्प खर्चाचे उपाय करून घ्यावेत. पंख्यांतील धूळ काढावी, प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. कारण तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. रॅमची एकच पट्टी असेल तर जोडीची दुसरी बसवावी. दोन पट्ट्यांनी माहितीची वाट रुंद होते.

आता मदरबोर्डाविषयी. तो एकटा कधीच बदलत नाही. एएमडीच्या सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटवर केवळ डीडीआर५ रॅम चालते. म्हणजे घरातील धडधाकट डीडीआर४ रॅम निकामी ठरते. त्यातच २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांच्या मागणीमुळे रॅमचे भाव कडाडले. संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवानाही बहुधा मदरबोर्डाशी बांधलेला असतो. दुकानदाराच्या तोंडी हिशेबात या बाबी मागाहून उगवतात.

पत्रातील संगणकात रायझन ५ २६०० हा प्रोसेसर बी४५० मदरबोर्डावर आहे. हे भाग्यच म्हणावयाचे. त्याच एएम४ सॉकेटवर, बायोस अद्ययावत केल्यानंतर, २०२२ साली आलेला रायझन ५ ५६०० बसतो. कोअर दोहोंत सहाच. पण जुन्याचा एल३ कॅश १६ एमबी, तर नव्याचा ३२ एमबी. कमाल वेगही ३.९ गिगाहर्ट्झवरून ४.४ वर जातो. बोर्ड तोच, रॅम तीच. बायोसचे काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करावे, आणि यूपीएसशिवाय मुळीच करू नये; मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

सर्वांनाच अशी सोय नसते. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या मदरबोर्डांवर आठव्या पिढीचा प्रोसेसर, सॉकेटचे नाव एलजीए११५१ असे एकच असूनही, अधिकृतपणे चालत नाही. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणतः आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर लागतो. ज्या घरी त्याच संगणकावर बँकेचे व्यवहारही होतात, तेथे मदरबोर्डासह बदल करणे ही चैन नव्हे. तेथे दुकानदार खरेच सांगत असतो.

तेव्हा आमचा निवाडा असा. वडिलांनी एक संध्याकाळ द्यावी आणि मुलाने त्यांच्या समोर वरील परीक्षा करून आकडे कागदावर मांडावेत. दोष प्रोसेसरचा निघाल्यास केवळ प्रोसेसर घ्यावा. ग्राफिक्स कार्डाचा निघाल्यास मदरबोर्डाचा विषय तूर्त मिटवावा. पडदा ६० हर्ट्झचा असून खेळ ६० फ्रेमवर स्थिर चालत असेल, तर काहीच घेऊ नये, आणि हे मुलाने स्वतः कबूल करावे.

‘नाही’ म्हणण्याचा अधिकार वडिलांना आहेच. पण न पाहता दिलेला नकार मुलाला केवळ हट्ट शिकवितो. त्याने मांडलेला हिशेब वडिलांनी शांतपणे ऐकला, तर खरेदी होवो अथवा न होवो, घरातील अबोला तरी संपेल. पत्र लिहिणाऱ्या माउलीची खरी काळजी तीच आहे, असे आम्हांस वाटते.