नाही म्हणायचं तर लेखी द्या

डॉक्टरसाहेब,

माझ्या आईची कवळी तुम्हीच बसवलीत, पैसेही हप्त्यानं घेतलेत. म्हणून तुमचं वागणं जास्त लागलं. माझ्या भाच्याच्या तोंडात तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत. फायलीत एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राचा कागद दिसला आणि सगळ्या पेशंटसमोर मोठ्यानं म्हणालात, ‘असले पेशंट इथं घेत नाही, जिल्ह्याला न्या.’ तो नऊ वर्षांचा आहे. त्याला काय झालंय हे अजून सांगितलेलं नाही. केंद्रातल्या समुपदेशक ताई त्याच्या मनाची हळूहळू तयारी करताहेत. आता तो मला विचारतो, ‘आत्या, मी काय केलं?’

त्याचे दात का किडले, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. जन्मल्यापासून नेव्हिरापिनचं सायरप, सहा आठवड्यांनंतर रोज कोट्रायमॉक्साझोलचं. बाळानं थुंकू नये म्हणून ही औषधं गोड करतात. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स जंतू बहुतेकांच्या तोंडात असतात. साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात आणि दातावरचं कवच झिजतं. लाळेनं ते आम्ल धुऊन जातं, पण त्याच्या कानाखालच्या लाळग्रंथी सुजायच्या, तोंड कोरडं पडायचं, जिभेवर बुरशीचा पांढरा थर यायचा. त्यात दुधाच्या दाढा गेल्या. आता शेजारची कायमची दाढ ठणकतेय. ती गेली तर पुन्हा येणार नाही. तो धड जेवत नाही, आणि मुलांच्या गोळ्यांचा डोस वजनावर ठरतो, डॉक्टर.

तुम्हाला भीती वाटली असेल. पण एचआयव्हीच्या रक्ताची सुई टोचली तरी लागण साधारण हजारात तिघांना होते, आणि 72 तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करता येतं. हा तर रोज नेमानं गोळ्या घेतो, रक्तात विषाणू सापडत नाही इतका कमी झालाय. हिपॅटायटिस बी सुईतून एचआयव्हीच्या कितीतरी पट सहज पसरतो. तो असलेली माणसं, स्वतःलाही माहीत नसताना, तुमच्या खुर्चीत बसून जात असतील. म्हणजे हातमोजे आणि ऑटोक्लेव्ह प्रत्येकासाठीच हवेत. ते असतील, तर या पोराला परत पाठवायचं कारण काय? आणि नसतील, तर बाहेर बसलेल्या सगळ्यांनीच उठून जायला हवं.

2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. आजारावरून उपचार नाकारायला आणि संमतीवाचून तो चारचौघांत सांगायला त्यात मनाई आहे. पण मला कज्जा नको, दाढ वाचायला हवी. भाऊ-वहिनी गेल्यापासून हे पोर माझंच आहे.

सोमवारी त्याला घेऊन येते. शेवटचा नंबर नको, येईल तो द्या. आणि नाहीच म्हणायचं असेल, तर कारण तुमच्या लेटरहेडवर लिहून खाली सही करा.

त्याची आत्या