आधी शेण तपासा, मग औषध पाजा

भूम-वाशीकडच्या खव्याचे आणि कुंथलगिरीच्या पेढ्याचे नाव धाराशिव जिल्ह्याबाहेर लांबवर गेले आहे. इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे सोयाबीन पावसाच्या भरवशावर असते, घरखर्च भागतो तो दुधाच्या पगारावर. पण दुधावर येणारी गाय तयार व्हायला अडीच-तीन वर्षे लागतात आणि त्यातल्या पहिल्या सहा महिन्यांत वासराचे काय झाले, याचा हिशेब कुठे मांडला जात नाही. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गावोगाव लसीकरण झाले. लाळ्या-खुरकुताची लसही टोचली जाते. आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होणारी रक्ती हगवण मात्र ‘वासरू हगत होते, मेले’ एवढ्यावर संपते. तिच्यावर गुरांसाठी बाजारात लस नाही, म्हणून निदानाला दुप्पट महत्त्व आहे. आणि नेमके निदानच आपण करत नाही.

गाईगुरांत आयमेरियाच्या डझनभराहून अधिक जाती आढळतात. खरे नुकसान करतात त्या प्रामुख्याने दोन, आयमेरिया बोव्हिस आणि आयमेरिया झुर्नी. रेडकांना छळणाऱ्या एका जातीला तर बरेलीचेच नाव मिळाले आहे, तिचे वर्णन भारतीय शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये केले. बाधित जनावराच्या शेणातून जाड कवचाच्या सूक्ष्म पुटिका बाहेर पडतात. ताज्या शेणातल्या पुटिका बाधा करत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळून काही दिवस गेले की त्या पिकतात, मग हौदाजवळचा चिखल, गव्हाणीची कड किंवा आईची शेणाने माखलेली कास चाटणाऱ्या वासराच्या पोटात जातात. बोव्हिस जातीचा आतड्यात वाढणारा एकेक गोळा फुटला की लाखाहून अधिक नवे जीव बाहेर पडतात. तीन आठवड्यांच्या आत आतड्याचे अस्तर सोलवटते, वासरू कुंथू लागते, शेणात शेंब आणि रक्त दिसते. जे वाचते तेही अंगाने मागे पडते, आणि उशिरा माजावर येणाऱ्या कालवडीचा खर्च मालकालाच सोसावा लागतो.

अशा वासराला आपल्याकडे काय मिळते? बहुधा जंताचे औषध. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही औषधे कृमींसाठी आहेत, आयमेरिया कृमी नाही. ही औषधे त्याचे काही बिघडवत नाहीत. जंताच्या औषधाने गुण आला नाही की प्रतिजैविकाचे इंजेक्शन होते. अँप्रोलियम किंवा सल्फा गटातले योग्य औषध सुचेपर्यंत चार-पाच दिवस हातचे गेलेले असतात. शेतकऱ्याला यात बोल लावण्यात अर्थ नाही. हगवणीचे कारण डोळ्यांनी दिसत नाही, आणि ते दाखवणारी सोय त्याच्या जवळ नाही.

ती सोय महागही नाही. मीठ विरघळेनासे होईपर्यंत घालून केलेल्या पाण्यात चिमूटभर शेण कालवायचे, चहाच्या गाळणीने गाळायचे, नळी काठोकाठ भरून वर काचेची चकती ठेवायची. वीस मिनिटांत हलक्या पुटिका तरंगत येऊन काचेला चिकटतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा वासरांतला दुसरा परजीवी माणसालाही, विशेषतः लहान मुलांना, बाधतो. तोही याच सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतो, त्यासाठी क्षयाच्या थुंकी तपासणीत वापरतात त्याच रंगप्रक्रियेचे थोडे बदललेले रूप चालते.

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत परजीवींच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. शेणाचे नमुने गोळा करायचे, किती टक्के जनावरांत परजीवी सापडले ते सांगायचे, पावसाळा आणि उन्हाळ्याची तुलना करायची, असा या अभ्यासांचा साचा. काम कष्टाचे आहे आणि त्याचे मोल आहे. पण नुसत्या टक्केवारीवर गोठ्यातला निर्णय घेता येत नाही, कारण मोठ्या निरोगी गाईच्या शेणातही थोड्या पुटिका अनेकदा असतात. एका ग्रॅम शेणात किती, जात कोणती, वासरू किती दिवसांचे, हगवण होती की नव्हती, या चार गोष्टी नोंदल्या तरच आकडा उपयोगाचा होतो. जवळच उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, उदगीरचे तज्ज्ञ आणि तालुक्याचे दवाखाने यांनी एकाच नोंदवहीत लिहायचे ठरवले, तर दोन पावसाळ्यांत जिल्ह्याचा नकाशा हाती येईल.

यावर आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत. दवाखान्यांत माणसे अपुरी, त्यात सूक्ष्मदर्शक कोण बघणार? ही तपासणी पशुधन पर्यवेक्षक थोड्या प्रशिक्षणात करू शकतो, आणि ती सरसकट सगळ्या जनावरांची नव्हे, फक्त हगवण लागलेल्या वासरांची करायची आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आतड्याचे नुकसान पुटिका शेणात दिसण्याआधीच सुरू होते, मग तपासणी कोरी निघाली म्हणून निर्धास्त कसे राहायचे? राहूच नये. रक्त दिसत असेल तर डॉक्टरांनी लक्षणांवरून उपचार करावेत, क्षार-पाणी द्यावे आणि दोन दिवसांनी पुन्हा नमुना बघावा. उपचार अडवण्यासाठी तपासणी नको आहे, चुकीचा उपचार थांबवण्यासाठी हवी आहे.

राहिला प्रश्न कोरड्या हवामानाचा. उन्हाने आणि कोरडेपणाने पुटिका मरतात हे खरे (फिनाईलला मात्र त्या दाद देत नाहीत), म्हणून दुष्काळी जिल्ह्यात याची चिंता कशाला, असे वाटू शकते. पण दुष्काळातच जनावरे एका जागी येतात. २०१५-१६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये जिल्ह्यात चारा छावण्या उघडल्या. उपाशी, थकलेली जनावरे दाटीने बांधलेली, एकाच हौदाभोवती ओल, आणि त्याच ओलीत लहान वासरे, ही या परजीवीला हवी तशी परिस्थिती आहे. ताजे शेण रोजच्या रोज उचलले तर पुटिका पिकायच्या आत दूर जातात, एवढी एकच सवय साखळी तोडते. पुढची छावणी मंजूर होईल तेव्हा वासरांना वेगळी, उंचवट्यावरची कोरडी जागा, रोज शेण उचलण्याची जबाबदारी कोणाची ते नावानिशी, आणि दर आठवड्याला हगवणीच्या वासरांचे शेण तालुक्याच्या दवाखान्यात तपासणे, या तीन अटी मंजुरीच्या आदेशात असायला हव्यात. त्याची तयारी छावणी उघडायच्या आधी, आत्ताच करावी लागेल.