विश्लेषण : शेक्सपिअर वाचायचा, की मुलांनी उभे राहून करायचा?

इंग्लंडच्या सरकारी अभ्यासक्रमानुसार ११ ते १४ वर्षांच्या विद्यार्थ्यांनी शेक्सपिअरची दोन नाटके अभ्यासणे अपेक्षित आहे. भाषा ४०० वर्षे जुनी, त्यामुळे कंटाळा ठरलेला. यावर रॉयल शेक्सपिअर कंपनीने २००८ मध्ये मोहीम काढली. म्हणणे तीनच : नाटक उभे राहून करा, प्रयोग प्रत्यक्ष पाहा आणि सुरुवात लहान वयात करा.

वर्गात काय होते?

बाके भिंतीकडे सरकवतात. ‘मॅक्बेथ’मधले स्वगत मुले चालता चालता म्हणतात, विरामचिन्ह आले की दिशा बदलायची. पावले सारखी वळू लागली, की या माणसाचे चित्त ठिकाणावर नाही, हे शिक्षकांनी न सांगता कळते. शब्दांचे अर्थ नंतर. (सर्किट फळ्यावर पाहणे आणि ब्रेडबोर्डवर जोडणे, यातला हा फरक.)

यात नवे काही नाही. शेक्सपिअरच्या नटांनाही पूर्ण संहिता मिळत नसे. स्वतःची वाक्ये आणि त्याआधीचे समोरच्याचे शेवटचे काही शब्द, एवढाच कागद हाती. म्हणजे कान देऊन ऐकणे आलेच.

मग अडते कुठे?

परीक्षेत. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत पुस्तक जवळ ठेवता येत नाही. साहजिकच तास अवतरणे पाठ करण्यात जातात.

आपल्याकडे?

सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’ने १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ आणले आणि बालरंगभूमीला नवी नाटके मिळत गेली. जुनी अभिजात नाटके मात्र मोठ्यांकडेच राहिली. अनेक वर्गांत नाट्यउतारा अजूनही प्रश्नोत्तरांवरच संपतो.

गो. ब. देवलांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) घ्या. पैशांसाठी मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहणारा कांचनभट आणि लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित. शारदेच्याच वयाच्या नववीतल्या मुलीने तिच्या जागी उभे राहून बोलणे आणि ‘बालाजरठ विवाहाचे दुष्परिणाम लिहा’ याचे पाच गुणांचे उत्तर लिहिणे, यात मोठे अंतर आहे. पदे जमणार नसतील तर गद्य प्रवेशही चालतील.

खर्चाचे म्हणाल, तर देवलांचे निधन १९१६ मध्ये झाले. आपल्या कायद्यात स्वामित्व हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. त्यामुळे मूळ संहितेसाठी शाळेला मानधन द्यावे लागत नाही. अलीकडे कुणी केलेली रंगावृत्ती वापरायची असेल, तर मात्र परवानगी घ्यावी लागते.