चाचणी उंदरावर, भोग माणसाच्या वाट्याला

रसायनांच्या चाचण्या प्राण्यांवर करू नयेत असे कोणी म्हटले, की एक उत्तर तयारच असते: “मग काय माणसांवर करायच्या?” उत्तर बिनतोड वाटते, पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. प्राण्यावर चाचणी झाली म्हणजे माणूस सुरक्षित झाला, हे ते गृहीत. माझा आक्षेप या गृहीतालाच आहे.

यवतमाळचे उदाहरण घेऊ. 2017च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या जिल्ह्यात 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. या प्रकरणात ज्या कीटकनाशकांची नावे पुढे आली, त्यात मोनोक्रोटोफॉस होते. ते नोंदणीकृत होते, आणि नोंदणीसाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांची माहिती द्यावीच लागते. डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, तोही याच चाचण्यांवरून ठरतो. किती मात्रेत चाचणीतले निम्मे प्राणी मरतात, हा तो आकडा. त्याला एलडी-50 म्हणतात. 1927 मध्ये ट्रेव्हन या शास्त्रज्ञाने ही पद्धत काढली ती औषधांची ताकद मोजण्यासाठी. पुढे तीच विषाची फूटपट्टी झाली.

आता प्रयोगशाळेतला उंदीर आणि यवतमाळचा शेतमजूर शेजारी उभे करून पाहा. उंदराला एकच रसायन, मोजून, ठरलेल्या वेळी मिळाले. मजुराच्या पाठीवर पंप, छातीपेक्षा उंच वाढलेली कपाशी, घामाने आणि फवाऱ्याने भिजलेला सदरा. हातमोजे नाहीत. पंपात अनेकदा दोन-तीन औषधे एकत्र केलेली, आणि हे दिवसामागून दिवस. “या माणसाचे काय होईल?” हा प्रश्न त्या उंदराला कोणी विचारलाच नव्हता. म्हणून उंदीर मेला, त्रिकोण रंगला, आणि माणूसही मेला. यात दोष एकट्या चाचणीचा नाही. विक्रेता, कंपनी, कृषी खाते सगळेच त्यात आले. पण “चाचणी झाली आहे” हे वाक्य या सगळ्यांना अंग झटकायला उपयोगी पडते, हे विसरू नका.

बरे, दुसरा मार्गच नाही असेही नाही. त्वचेच्या ॲलर्जीचे उदाहरण घ्या. पूर्वी यासाठी गिनीपिगच्या कातडीत रसायन टोचत, नंतर उंदराच्या कानावर लावू लागले. आज ॲलर्जी कशी घडते याच्या पायऱ्या माहीत आहेत. रसायन त्वचेतल्या प्रथिनांना चिकटते, मग त्वचेच्या पेशी खवळतात, मग प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी जाग्या होतात. या प्रत्येक पायरीची चाचणी आता काचेच्या नळीत आणि मानवी पेशींवर करता येते. एका चाचणीवर विसंबायचे नाही, दोन-तीन निकाल जुळवून निर्णय घ्यायचा. 2021 मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा जुळणीला अधिकृत मान्यता दिली. माणसांविषयीच्या उपलब्ध माहितीशी ताडून पाहिले, तेव्हा ही जुळणी उंदराच्या चाचणीपेक्षा मागे पडली नाही. म्हणजे ही केवळ दयेची बाब नाही. माणसाबद्दलचा प्रश्न माणसाच्या पेशीला विचारणे, हे अधिक चांगले विज्ञान आहे.

सगळे प्रश्न सुटले आहेत असा दावा मी करत नाही. गर्भावरचा परिणाम, वर्षानुवर्षे थोडे थोडे पोटात गेल्याने होणारा कर्करोग, यांना अजून पुरता पर्याय नाही. पण जिथे पर्याय आहे तिथेही जुनी सवय सोडायची नाही, हा आळस आहे. विज्ञानाचे नाव देऊन तो झाकला जातो.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. भारताने 2014 मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर आणि तशा चाचण्या केलेल्या प्रसाधनांच्या आयातीवर बंदी घातली. चांगले केले. तेव्हापासून डबीवर सशाचे चित्र छापून “क्रूरतामुक्त” म्हणवून घेण्याची फॅशन आली. पण सशाला त्रास झाला नाही एवढ्याने माल निर्धोक ठरत नाही.

आपल्याच घरातले पाहा. चांदरातीला बाजारात “काळ्या मेहंदी”चे कोन मिळतात. मेहंदीच्या पानाचा रंग केशरी-लालसर असतो, आणि तो चढायला तास लागतात. झटपट काळाकुट्ट रंग आला, तर त्यात बहुधा पीपीडी हे केसांच्या कलपातले रसायन असते. युरोपात ते केसांच्या रंगात 2 टक्क्यांपर्यंतच चालते, कातडीवर लावायला परवानगी नाही. याने हातावर फोड येतात. एकदा ॲलर्जी जडली की सहसा ती जन्मभराची, पुढे केसांना साधा कलपही लावता येत नाही. या कोनांवर अनेकदा घटकांची यादी नसते, बनवणाऱ्याचा पत्ता नसतो. त्यांची चाचणी उंदरावर झालेली नाही, नळीतही झालेली नाही. ती होते आपल्या पोरींच्या हातावर, ईदच्या आदल्या रात्री, आणि पैसेही आपणच मोजतो.

हे लिहिले की हमखास एक टोमणा येतो: बकरी ईदला कुर्बानी करणाऱ्यांनी सशा-उंदरांची काळजी करावी का? जरूर करावी. ज्या परंपरेत सुरी धारदार ठेवण्याची आणि जनावराला नाहक यातना न देण्याची ताकीद आहे, जिवंत प्राण्याला बांधून त्याच्यावर नेम धरण्याची मनाई आहे, त्या परंपरेतल्या माणसाने तर हा प्रश्न आधी विचारायला हवा: ही यातना कशासाठी? उत्तर न देणाऱ्या चाचणीसाठी दिलेली यातना नाहकच असते. आणि टोमणा मारणाऱ्यांना एवढेच विचारतो, यवतमाळच्या मजुरासाठी तुम्ही काय केले?

औषधांच्या बाबतीत 2023 मध्ये नियम बदलले. मानवी पेशी, चिपवर उभारलेले अवयव, संगणकाची प्रारूपे यांवरची माहितीही आता ग्राह्य धरली जाते. कीटकनाशकांना अजूनही मुख्य आधार प्राण्यांचाच. मागणी साधी आहे. जिथे मानवी पेशींवरची मान्य पद्धत आहे, तिथे प्राणी वापरू नका. फवारणाऱ्याच्या अंगावर प्रत्यक्ष किती विष पडते ते शेतात मोजा, आणि संरक्षक कपड्यांशिवाय जे वापरणे धोक्याचे आहे ते बाजारातून काढा. पाच-दहा रुपयांच्या मेहंदीच्या कोनालाही घटकांची यादी आणि तपासणी सक्तीची करा.

तोवर निदान आपल्या घरापुरते एवढे तरी करू: ज्या कोनावर काही लिहिलेले नाही, तो लेकीच्या हाताला लावायचा नाही.