नळी नको म्हणून किती दिवस गोळ्या खाणार?

"डॉक्टर, गोळी वाढवून द्या, पण नळी नको." पित्ताचे जुने रुग्ण हे हमखास म्हणतात. दुर्बिणीने तपासणी म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे ताठ लोखंडी नळी येते. एके काळी ही भीती रास्तच होती.

चित्र बदलले ते काचेच्या तंतूंमुळे. केसासारखा बारीक तंतू वाकवला तरी एका टोकातून शिरलेला प्रकाश आतल्या आत परावर्तित होत दुसऱ्या टोकाला पोचतो. एक तंतू चित्राचा एक ठिपका नेतो. हजारो तंतूंची जुडी बांधून दोन्ही टोकांना त्यांचा क्रम तोच ठेवला की पूर्ण चित्र दिसते. क्रम चुकला की चित्राचा काला! मूळचे पंजाबातील मोगा येथील नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॉपकिन्स यांनी १९५४ साली लंडनमध्ये हे दाखवून दिले. (इंटरनेटही आज अशाच तंतूंतून धावते, कपानींचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक.) पुढे १९५७ मध्ये अमेरिकेत डॉ. हिर्शोविट्झ यांनी अशी लवचिक दुर्बीण प्रथम स्वतः गिळली, मग रुग्णाला दिली. आता नळीच्या टोकालाच छोटा कॅमेरा असतो आणि चित्र पडद्यावर दिसते.

ऊठसूट प्रत्येक ढेकरेला दुर्बीण लावावी, असे मी म्हणणार नाही. पण घास अडकणे, काळी डांबरासारखी शौचाला होणे, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन घटणे, पंडुरोग यांपैकी काही असेल, किंवा पन्नाशीनंतर पित्ताचा त्रास नव्याने सुरू झाला असेल, तर दुकानातून गोळ्या आणून दिवस ढकलणे मला घातक वाटते. गोळीने जळजळ थांबते, पण आत साधा व्रण आहे की कर्करोग, हे गोळी सांगत नाही. दुर्बिणीतून जागा दिसते आणि तिथला कणभर तुकडाही तपासायला काढता येतो. त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जाऊन एक दिवस मोडावा लागला, तरी मोडावा.

तपासणी साधारण पाच-दहा मिनिटांची. आधी सहा ते आठ तास उपाशी राहावे. घसा औषधाने बधिर करतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा मधुमेहाचे औषध चालू असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. गुंगीचे इंजेक्शन घेणार असाल, तर घरचे माणूस बरोबर न्या आणि त्या दिवशी स्कूटर चालवू नका.