मोकळा रविवार हाही प्रशिक्षणाचाच दिवस

परगावी प्रशिक्षण असले आणि मध्ये रविवार आला की तो कसा जातो, हे शिक्षकांना सांगायला नको. पुरुष मंडळी झोप काढतात. आम्ही बायका कपडे धुतो आणि घरी फोन करकरून इकडे बसून तिकडचा स्वयंपाक सांभाळतो. एखादीने म्हटले, "चला, गाव बघून येऊ," की उत्तर तयार असते, "आपण कामाला आलोय, फिरायला नाही." ऐकायला हे वाक्य मोठे जबाबदारीचे वाटते. मला ते पटत नाही. शिक्षकाने त्या दिवशी बाहेर पडणे हा कामाचाच भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी उर्दूही शिकवते आणि मराठीही. गेल्या वर्षी आमचे प्रशिक्षण औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला होते. वली आणि सिराज हे उर्दू गझलेचे दोन मोठे शायर याच मातीतले. आणि शहराबाहेर पंधराएक किलोमीटरवर देवगिरी. तिथे जनार्दनस्वामी किल्लेदार होते आणि एकनाथांनी त्यांच्यापाशी राहून विद्या घेतली, असे परंपरा सांगते. मराठीच्या तासाला एकनाथ, उर्दूच्या तासाला वली. घंटा वेगळी, पुस्तक वेगळे. मग मुलांना वाटते, ही माणसे दोन वेगळ्या मुलखांतली. खरे तर एसटीने अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर!

सांगलीकडच्या एक मराठीच्या बाई माझ्या खोलीत होत्या. आम्ही दोघी सकाळीच निघालो. देवगिरीचा खंदक, तो अंधारा भुयारी मार्ग, पंधराव्या शतकातला चाँदमिनार, सगळे पाहिले. यादवांची ही राजधानी. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून आपली राजधानी इथे हलवली, हे मी कितीदा फळ्यावर लिहिले आहे. पण पायऱ्या चढताना दम लागला तेव्हा 'अभेद्य' या शब्दाचा अर्थ गुडघ्यांना कळला. दुपारी खुलताबाद. एका बाजूला सूफींचे दर्गे, त्याच गावात निद्रिस्त भद्रा मारुती. हजरत निजामुद्दीन औलियांची वचने 'फवाइदुल फुआद'मध्ये नोंदवून ठेवणारे अमीर हसन सिज्जी इथेच दफन आहेत. हबशी गुलाम म्हणून आलेला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झालेला मलिक अंबरही इथलाच. आजचे शहर ज्या खडकीवर उभे आहे, ती त्यानेच १६१० मध्ये वसवली.

मध्येच सासूबाईंचा फोन आला. "अकेली किधर फिर रई?" मी म्हटले, "अम्मी, अकेली नहीं हूँ, और सबक देखने आई हूँ." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दुआ माँग ले." परवानगी पुष्कळदा इतकी सोपी असते. आपण ती मागतच नाही.

संध्याकाळी पाणचक्की. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर जाते फिरवायचे, आणि त्या पिठावर दर्ग्यातल्या फकिरांची, विद्यार्थ्यांची, वाटसरूंची भूक भागवायची. वास्तू पाहायला लोक येतात, पण मला तो हिशोब आवडला. आधी पोट, मग पाठ.

मग आमच्याही पोटाची वेळ झाली. नान-कलिया खायचे ठरले. हा पदार्थ तुघलकाच्या फौजेबरोबर आला असे इथले लोक सांगतात. सांगलीच्या बाई दारात थांबल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "विचारू का, कशाचे आहे?" मी म्हटले, "जरूर विचारा." त्यांनी विचारले. मालकाने जराही मनाला लावून न घेता सांगितले, "बाई, बडेका अलग, बकरेका अलग. पातेलेही अलग." आम्ही बकऱ्याचे घेतले. पिवळसर चकाकती नान, वर तर्री आलेला रस्सा, बाजूला कांदा-लिंबू. बाईंनी दुसरी नान मागवली.

आपल्याकडे एकमेकांच्या ताटाबद्दल कुजबुज फार चालते, सरळ प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. विचारणाऱ्याला भीती, समोरचा दुखावेल. समोरच्याला भीती, हा संशय घेतो आहे. प्रश्न नीट विचारला आणि उत्तर खरे दिले की एका टेबलावर बसता येते. न खाणाऱ्याने न खाताही बसावे. हा धडा कुठल्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत मिळणार?

कोणी म्हणेल, सरकारी दौऱ्यावर मौजमजा कशाला? सुट्टीचा दिवस आणि खिशातले पैसे असतील तर त्यात गैर काहीच नाही. सत्र बुडवून फिरणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. उलट मी म्हणते, प्रशिक्षण आखणाऱ्यांनीच त्या गावातली चार ठिकाणे सांगावीत आणि बायकांना सोबत मिळेल, हे पाहावे.

घाई करायला आणखी एक कारण आहे. वलींची मजार अहमदाबादला होती. २००२ च्या दंगलीत ती पाडली गेली. ती पाहायची माझी इच्छा आता कधीच पुरी होणार नाही. जे उभे आहे ते पाहून घ्यावे, आणि सोमवारी वर्गात मुलांना सांगावे की मी तिथे जाऊन आले. पुस्तकातल्या दहा ओळींपेक्षा त्या एका वाक्यावर मुले जास्त विश्वास ठेवतात.